कानवाली लेसिएली

मांगेरे उपनगरातल्या, टोंगन बेटकऱ्यांच्या चर्चमध्ये लेसिएलीला सगळे कानवाली म्हणतात. पूर्वी ती इस्पितळात फरशा पुसायची. कान तपासायच्या खोलीपाशी तिचा हात हटकून रेंगाळायचा. पस्तिशी ओलांडल्यावर, पदरात दोन लेकरं असताना, जिद्दीने ते काम शिकली. आता रविवारची प्रार्थना आटोपली, अळूच्या पानांत शिजवलेलं लू आणि कसाव्याचे कंद असं जेवण झालं, की ती पोरांना घेरते. "नुसत्या डॉक्टर-नर्सवर इस्पितळ चालतं होय रे? एक्स-रे कोण काढतं? नकली पाय कोण बसवतं? तिथे आपलं माणूस नको?"

सतरा वर्षांची फाने तिच्याकडे बघतच राहायची. तिलाही हेच शिकायचं होतं. पण वडील, सेमिसी, ऐकतील तर शपथ! "नर्स हो. कान कोरायला कशाला शिकावं लागतं?" ते चर्चच्या गायकांचे म्होरके. हल्ली बायकांचा वरचा सूर लागत नाही म्हणून सारखे डाफरायचे. त्यांच्या होकाराशिवाय फानेचं पाऊल पुढे पडणार नव्हतं.

एका रविवारी लेसिएली कान तपासायचं यंत्रच घेऊन आली. थोरांपुढे ताठ उभं राहायचं नाही, म्हणून खाली चटईवर बसली. "तुलोऊ, काका," अशी परवानगी मागून तिने सेमिसींच्या कानांवर हेडफोन चढवला. आवाज आला की बटण दाबायचं. काकांनी दाबलं. दाबतच राहिले.

तिने हेडफोन उतरवला. "काका, आवाज मी केव्हाच बंद केलाय! दाबताय काय?"

"अगं, तू एवढी खपतेस, तुला 'नाही' कसं म्हणू? इस्पितळातही सगळ्याला होच म्हटलं. कान ठणठणीत आहेत म्हणाले!"

सगळे खो खो हसले. लेसिएली नाही हसली. "माझे बाबाही असेच हो हो म्हणत बहिरे झाले, काका. आता खरं सांगा."

फाने चटईवर पुढे सरकली. आवाज बंद करून बघायचं हे हिलाच सुचावं! केवढी ही बाई!

लेसिएलीने हेडफोन पुन्हा चढवला. या वेळी बटण क्वचितच दाबलं गेलं. मग लेसिएलीने नीट ऐकू यावं म्हणून कानात घालायचं छोटं यंत्र काढलं, तसा त्यांनी तिचा हात अडवला आणि लेकीकडे पाहिलं.

"तू घाल."

फाने जागची हलेना. टोंगन घरात बापाच्या डोक्याला लेकीने हात लावायचा नसतो. तिने जन्मात लावला नव्हता.

"बाबा, तुमचं डोकं..."

"मीच वाकवलंय ना?" सेमिसी म्हणाले. "शिकायचंय ना तुला? घाल."