दारात उलटी बाज

चौथीपर्यंत शिकलो, त्यामुळं लिहिताना हात जड जातो. पण माझ्या मरणाची रडारड मी माझ्या कानांनी ऐकली आहे, अन् असं भाग्य सगळ्यांना मिळत नाय, म्हणून लिहून ठेवतो.

सुरुवात झाली माझ्या बाजेवरून. ही बाज मी स्वतः केलेली. चितेगावच्या कंपनीत पॅकिंगला लागलो तेव्हा भाड्याच्या खोलीत पाठ टेकायला काही नव्हतं. गावाकडून बाभळीचं लाकूड आणलं, चौकट ठोकली, अन् मी आणि कारभारणीनं मिळून नवार विणली. बाज विणायला दोन माणसं लागतात. एकानं नवारीची पट्टी खालून वरून घालत जायची, दुसऱ्यानं समोरून शेवट धरून ताण द्यायचा. ताण ढिला पडला की आठ दिवसांत बाजेची झोळी होते. विणायचो मी, ताण धरायची ती. तिला जाऊन सहा वर्षं झाली. नवार तेव्हापासून बदलली नव्हती. मधोमध खड्डा पडला होता, पण माझी पाठ त्या खड्ड्यात बरोबर बसायची. गादीवर मला झोप येत नाय.

आता मी, मुलगा अन् सून फ्लॅटात राहतो. दोन खोल्या अन् हॉल. हॉलमधे माझी बाज. संक्रांतीला सुनेनं हळदीकुंकवाला ऑफिसातल्या बायका बोलावायच्या ठरवल्या, अन् घर सजवायचं तिच्या डोक्यात भरलं. रोज जेवण झालं की मोबाइल घेऊन बसायची. त्यात बायका दाखवतात, रिकाम्या बाटलीला सुतळी कशी गुंडाळायची, जुन्या बांगड्यांचं तोरण कसं करायचं, साडीच्या काठाचे पडदे कसे शिवायचे. ती बघायची, आणि रविवारी करायची.

मी एकदा म्हणालो, "बाटलीला सुतळी गुंडाळून घर होत असतं तर आमच्या पॅकिंग खात्यात राजवाडेच झाले असते."

"हसायला काय जातं मामा," ती म्हणाली, "एखादी वस्तू करून दाखवा ना तुम्ही." मग हळूच मुद्द्यावर आली. "दार उघडलं की पहिली बाज दिसते. दवाखान्याचा वॉर्ड वाटतो."

"वाटू दे. बायकांना सांग, येताना केळी आणा म्हणावं."

"मामा, रविवारी भंगारवाला येणार आहे. मी सांगून ठेवलंय त्याला. तुम्हाला छान दिवाण घेऊ."

मुलाकडं बघितलं. तो पेपरात तोंड घालून बसला. आमच्या दोघांच्या मधे तो पडत नाय, शहाणा आहे. मी ताटावरून उठलो. माझ्या थोरल्या बहिणीला, करमाडला, फोन लावला. म्हणालो, "अक्का, माझी बाज घराबाहेर काढायला निघालेत. ती गेली तर मी काय जगत नाय बघ."

"असं वंगाळ बोलू नाय रं," ती म्हणाली. तिनं ते मनाला लावून घेतलं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षानं औरंगपुऱ्याच्या बाजारात गेलो. नवी नवार घ्यावी, बाज ताठ करावी, मग तरी हिला वॉर्ड वाटणार नाय, एवढाच बेत. नवार घेतली, पांढरी अन् लाल. परत फिरताना एका फर्निचरच्या दुकानाच्या पायरीशी थबकलो. काचेच्या आत, चांगल्या गालिच्यावर एक बुटकं बाक ठेवलेलं. चार लाकडी पाय, वर दोन रंगांच्या नवारीची चौकड्यांची वीण. बाक कसलं, पाय कापलेली बाजच ती! मी आत गेलो. दुकानदार कुठं बघतोय ते पाहून वितीनं पाय मोजला. दीड वीत.

"चाचा, नाप लेरे क्या?"

"नाय, धूळ पुसतोय."

तो हसला. "लेलो चाचा, लेलो. आजकल लोगां हॉल में येइच रखरे."

मोबाइलात तोंड घालून जे सापडलं नसतं ते मला रस्त्यावर सापडलं, अशा ताठ्यात घरी आलो. कुणाला काही सांगितलं नाय. करून दाखवायचं, मग बोलायचं.

शुक्रवारी दोघं कामाला गेल्यावर जुनी नवार सोडली. तिची गुंडाळी करून माझ्या कपड्यांच्या कपाटात ठेवली. आता पाय कापायचे तर बाज उलटी करावी लागणार. अन् घरात बाज उलटी टाकू नये, हे मला लहानपणापासून माहीत. म्हणून अक्कल चालवली. ओढत ओढत बाज दाराबाहेर जिन्यापाशी नेली अन् तिथं चारी पाय वर करून टाकली. एक पाय कापला तोवर करवतीचे दात गेले. बाभूळ जुनी झाली की लोखंड होते. पलीकडच्या गल्लीत एका घराचं सुताराचं काम चाललं होतं. दार नुसतं लोटून घेतलं अन् करवतीला धार लावून घ्यायला गेलो. सुतार आमच्या पैठणकडचा निघाला. चहा झाला. बोलत बसलो.

तेवढ्यात इकडं अक्का आली. बाजेचं ऐकून तिला चैन पडेना, म्हणून भावाला समजवायला हुरड्याची पिशवी घेऊन करमाडहून एकटी निघालेली. जिना चढून वर आली तर दारासमोर बाज उलटी, नवार काढलेली, अन् हाक मारली तर घरात कुणाचा आवाज नाय.

आमच्याकडं माणूस गेला की त्याची बाज दारासमोर उलटी टाकतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारावं लागत नाय. अक्कानं तेच धरलं, की मला घेऊनसुद्धा गेले. आमच्या बापाची मीच टाकली होती. तरी डोक्यात आलं नाय, कारण फ्लॅटाचं दार मला अजून दारच वाटत नाय. अंगण नाय, उंबऱ्यापुढं माती नाय. मला वाटलं, जिना तर सगळ्यांचा, तिथं कसला शकुन अन् अपशकुन!

धार लावलेली करवत घेऊन मी पहिल्या मजल्यापर्यंत आलो, अन् वरून आवाज आला.

"माझ्या वाघा रंऽऽ! कुणापुढं वाकला नाय रं माझा भाऊऽऽ!"

खरं सांगतो, मी थांबलो. जिवंतपणी अक्कानं मला कधी वाघ म्हटलं नव्हतं. आणखी थोडं ऐकावं वाटलं.

"लाकडाच्या बाजंपायी जीव दिला रंऽऽ! असा कसा येडा रं तूऽऽ!"

हे तेवढं बरं वाटलं नाय. आता वर जावं म्हणून पाय उचलला, तर मागून धाडधाड पावलं आली. वळून बघतो तर सून. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तिला ऑफिसात फोन केलेला. डोक्यावरचं हेल्मेट काढायचंसुद्धा तिला सुचलं नव्हतं. मला बघितलं अन् ती होती तिथंच, पायरीवर खाली बसली.

"मामा?"

"हां."

"तुम्ही... तुम्ही इथं काय करताय?"

"ऐकतोय."

तिनं हेल्मेटची काच वर केली. डोळे भरून वाहत होते. मग जी सुटली! "ऐकताय? ऐकताय काय मामा! मी सिग्नल बघितले नाहीत, रस्ताभर देवाला म्हणत आले, बाज राहू दे, हॉलमधे राहू दे, मधोमध राहू दे, पण मामा राहू दे! अन् तुम्ही इथं करवत घेऊन ऐकताय!"

तिच्या हेल्मेटवर हात ठेवला. डोक्यावर ठेवायचा होता, पण मधे हेल्मेट होतं.

वर गेलो तर अक्कानं मला खालून वर बघितलं अन् हुरड्याची पिशवी पाठीत घातली. "मेल्या! बाज उलटी टाकून कुठं उलथला होतास?"

"घरात उलटी टाकू नाय म्हणून भाईर टाकली."

"अन् दारात उलटी कवा टाकत्यात, ते इसरला व्हय? बापाची टाकली तवा काय झोपेत होता?"

खालच्या बाई पाणी घेऊन आल्या. अक्का पाणी प्याली, नाक पुसलं, अन् लगेच सुनेला म्हणाली, "अगं, ह्याला खायला दे काहीतरी, मरून आलाय." तेव्हा सगळे हसले. मी पण हसलो. बाजेचा एक पाय धरून उभा राहिलो.

सुनेनं हेल्मेट काढलं अन् बाजेच्या वर आलेल्या पायाला अडकवलं. मग तिला कापलेला पाय दिसला.

"हा का कापला?"

सांगावं लागलं. बुटकी करून हॉलात बाकासारखी ठेवायची, लाल-पांढरी नवार, चौकड्यांची वीण. तिनं मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. त्यात तसंच बाक, तशीच वीण. "मामा, हे तर मी महिनाभर बघतेय. महाग म्हणून बोलले नाही."

"माझ्याच बाजेवरून घेतलं असंल त्यांनी," मी म्हणालो. माघार घ्यायची सवय नाय.

तिनं तिथंच उभं राहून भंगारवाल्याला फोन केला. येऊ नका म्हणाली.

उरलेले तीन पाय मी संध्याकाळपर्यंत कापले. शनिवारी विणायला बसलो. शेवट खिडकीच्या गजाला बांधायचा माझा बेत होता, कारण कुणाला धर म्हणणं मला जमत नाय. सून आली, पदर खोचला, माझ्यासमोर खाली बसली अन् पट्टीचा शेवट हातात घेतला. मी काही म्हटलं नव्हतं.

"ताण धर. ढिली सोडू नको."

"धरलाय. तुमचीच बाजू ढिली पडतेय, मामा."

सोफ्यावरून अक्का हुरडा खात म्हणाली, "पडू दे, कालच मेलाय तो."

हळदीकुंकवाला बायका आल्या त्या सोफा सोडून बाजेवर दाटीनं बसल्या. सून सांगत होती, मामांनी केली. मी आतल्या खोलीत होतो, पण दार थोडं उघडं ठेवलं होतं.

त्या दुपारी बायका गेल्यावर आडवा झालो. बाज आता बुटकी, उठताना गुडघे वाजतात, ते मी कुणाला सांगितलेलं नाय. पाठीखाली जुना खड्डा नव्हता, ताठ ताण होता, तरी झोप लागली. उठल्यावर बघितलं, सुनेच्या बाजूची गाठ वेगळीच पडली आहे, कारभारीण बांधायची तशी नाय. सोडून नीट बांधता आली असती. राहू दिली.