सौ. अनसूया यांची पाच पुस्तकं

छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे हातातून निसटतात आणि टेबलाखाली जातात. रोज झाडलं तरी वर्षाने टेबल हलवलं की ओंजळभर निघतात. किस्स्यांचंही तसंच. मी कधी गोळा केले नाहीत. साचले.

साताऱ्यातल्या एका छापखान्यात मी तीस वर्षं खिळे जुळवले. शाळा तिसरीपर्यंत. आता त्या जागी मोबाइलचं दुकान आहे. पण चार माणसं चहाला बसली की मला सुभेदारांचंच सांगायला लावतात. ही सगळी नव्वदनंतरची हकीकत.

* * *

सुभेदार पहिल्यांदा आले ते पेन्शनच्या दिवशी. पीळदार मिशा, कडक इस्त्री, पाठ भिंतीसारखी. मालक बाहेर गेले होते. त्यांनी माझ्यासमोर खाकी पाकीट ठेवलं.

"गुप्त हाय. कुणाला दावायचं न्हाई."

मला वाटलं, बांधाचं भांडण असेल, नाहीतर कुणा पुढाऱ्याविरुद्ध पत्रक. पाकीट फोडलं. पहिलीच ओळ : 'खारूताईचा फ्रॉक हरवला हो हरवला!'

मी कागदाकडे बघितलं. मिशांकडे बघितलं.

"काय बघताय? जुळवा!"

वर लेखिकेचं नाव होतं, सौ. अनसूया. मी विचारलं, "ह्या कोण?"

"आमची मंडळी."

"त्यांनी लिवलंय?"

सुभेदारांनी दाराबाहेर डावी-उजवीकडे बघून घेतलं. "मी लिवलंय. दोन लढाया बघितल्यात मी. गावात पारावर आमी सात-आठ पेन्शनवाले बसतो. त्यांना कळलं, तर मरस्तोवर मला खारूताई म्हणून हाक मारतील!"

मी शब्द दिला. पाळला.

* * *

प्रूफ वाचताना माझ्या ध्यानात आलं, की तिसऱ्या पानावर खारूताईचा वाढदिवस आंब्याच्या दिवसांत आहे आणि नवव्या पानावर त्याच वाढदिवसाला ती शेकोटी करून बसली आहे. मी सांगितलं. सुभेदार भडकले.

"तुमी शिकलाय किती?"

"तिसरी."

त्यांनी मिशी ओढली. मग पेन काढून शेकोटी खोडली.

"बराबर हाय. पुस्तक तिसरीच्याच पोरांचं हाय. तुमाला खटकलं म्हंजे त्यांना खटकणार."

त्यानंतर प्रत्येक गोष्ट ते आधी मला वाचून दाखवत. मालक शिकलेले होते, बी.ए. त्यांना नाही!

* * *

चित्रं काढायला आम्ही एक ड्रॉइंग मास्तर धरला होता. त्याने झकास खार काढली. गोल, मऊ, शेंगदाणा खाणारी. सुभेदारांनी चित्र हातभर लांब धरलं.

"ही अशी वाकली का? आजारी हाय?"

"खार अशीच बसते, साहेब."

"आमच्या पुस्तकात न्हाई बसायची!"

मास्तरने बदललं. पाच पुस्तकं निघाली. पाचही पुस्तकांतली जनावरं छाती काढून उभी आहेत. दुसऱ्या पुस्तकात गोगलगाय आहे. तीसुद्धा अटेन्शनमध्ये!

* * *

छापलेली पुस्तकं ते पोत्यात भरून एस.टी.ने गावाला न्यायचे. पोत्यावर खडूने लिहायचे, 'पेंड'. तिथून मग एकेका शाळेत गुपचूप वाटप.

एकदा स्टँडवर त्यांच्या पारावरचा हवालदार भेटला. पोतं उचलायला हात लावला आणि कण्हला.

"सुभेदार, पेंड लय जड हो!"

"सांगलीची हाय."

"मग पायलीभर द्या की. आमची म्हस आटलीय."

"म्हशीला न्हाई मानवत ही," सुभेदार म्हणाले आणि पोत्यावर बसूनच राहिले. एस.टी. येईपर्यंत पाऊण तास!

* * *

पुढे हवालदाराच्या नातवाला शाळेत एक पुस्तक मिळालं. हवालदाराने ते पारावर मोठ्याने वाचलं. सगळे पेन्शनवाले पोट धरून हसले. वाचून झाल्यावर वरचं नाव बघून तो सुभेदारांना म्हणाला, "वैनी लय भारी लिवतात गड्या! तुमच्या घरात एवढं डोकं हाय आन् तुमी नुस्तं मिशीला पीळ देत बसता. तुमाला तरी जमंल का असलं?"

हे सुभेदारांनीच मला छापखान्यात येऊन सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, न्हाई जमायचं."

चहा आला. त्यांनी घेतला नाही. त्या दिवशी प्रूफही बघितलं नाही.

* * *

एकदा जत तालुक्यातून एका मुलाचं कार्ड आलं. 'बाई, तुमच्या गोष्टीत नदी आणि चिखल फार आहे. आमच्या गावात टँकर येतो. टँकरची गोष्ट का नाही?'

सुभेदार कार्ड घेऊन आले. "पोरगं खरं बोलतंय," एवढंच म्हणाले आणि जतला गेले. टँकरच्या रांगेत घागर घेऊन दोन दिवस उभे राहिले. कडक इस्त्री बघून बायांना वाटलं, साहेब आलाय! निम्म्या मराठीत, निम्म्या कानडीत त्यांनी तक्रारी सांगितल्या. सुभेदारांनी सगळ्या लिहून घेतल्या आणि येताना कचेरीत देऊन पोचपावती घेतली.

मग गोष्ट लिहिली. एक हरवलेलं कोकरू पाण्याच्या वासाने टँकरच्या मागे मागे चालतं. गावं येतात, जातात. शेवटच्या पानावर टँकर थांबतो आणि कोकरू रस्त्यात उभं राहून बघत असतं. बस. तिथेच संपते.

मी म्हणालो, "अपुरी वाटते."

"वाटू द्या. पोरं करतील पुरी."

ते पाचवं पुस्तक.

* * *

त्याच पुस्तकाला सांगलीच्या एका वाचनालयाने बक्षीस दिलं. लेखिकेने स्वतः यावं, असं पत्र आलं. सुभेदारांचा चेहरा उतरला.

अनसूयावहिनींना सही येत होती, तेवढंच. पुस्तक त्यांनी उघडलेलंही नव्हतं. सुभेदारांनी त्यांना छापखान्यात आणून माझ्यासमोर तालीम घेतली. तीन वाक्यं. "मी आभारी आहे. मुलांनी पुस्तके वाचावीत. जय हिंद."

वहिनी म्हणाल्या, "जय हिंद कशापायी? मी काय बॉर्डरवर चाललीय व्हय?"

"म्हण गुमान!"

त्यात पारावरचे सगळे पेन्शनवाले वैनींचा सत्कार बघायला जीप करून निघाले. मीही गेलो.

हॉल पोरांनी भरलेला. वहिनी हिरवं लुगडं नेसून माइकसमोर उभ्या राहिल्या. तिन्ही वाक्यं चोख म्हणाल्या. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी सुभेदारांनी श्वास सोडला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक परकरी पोर उठली.

"आजी, कोकराला आई भेटली का?"

वहिनींनी सुभेदारांकडे बघितलं. हे तालमीत नव्हतं. पण बाई शेतातली, मेंढरं बघितलेली. जे खरं वाटलं ते बोलल्या.

"आगं, कळपातनं चुकलेलं कोकरू ते. त्यात तिकडचं ऊन. मेलं असंल बाई."

पोरीने भोकाड पसरलं. तिचं बघून मागच्या चार रांगा रडायला लागल्या.

माझ्या शेजारची खुर्ची धाडकन मागे पडली.

"झूट!" सुभेदार उभे होते. "कोकरू मेल्यालं न्हाई! मी लिवलंय ते, मला ठावं हाय!"

सगळा हॉल वळला. जीपने आलेले पेन्शनवाले तोंड उघडं टाकून बघत होते. सुभेदारांच्या मानेवरून घाम वाहत होता. खाली बसायचं, की बाहेर पळायचं, तेच त्यांना सुधरेना.

स्टेजवर वहिनींनी पदर सारखा केला आणि खुर्चीत बसून घेतलं. "मग या हितं. तुमीच सांगा."

सुभेदार गेले. माइकसमोर उभे राहिले. मिशीला पीळ देऊ लागले.

मागून हवालदार उठला. मला वाटलं, आता खारूताई म्हणून हाक मारणार.

"आवं सुभेदार," तो ओरडला, "मग कुठं गेली त्याची आय? सांगा की लवकर!"

सुभेदारांनी छाती बाहेर काढली.

"लायनीत थांबा, हवालदार! पोरीनं आधी इचारलंय!"