चाळीस दप्तरं आणि बांधलेली दारं

मंडळी, आज सकाळी आमच्या क्लबतर्फे पनवेलजवळच्या एका आदिवासी वाडीवर चाळीस दप्तरं घेऊन गेलो. त्यासाठी आम्ही बायकांनी फनफेअरमध्ये दोन दिवस भजी तळली होती.

वाडीत मुलंच नव्हती. झोपड्यांची दारं दोरीने बांधलेली. ओट्यावरची एक म्हातारी म्हणाली, "पोरां आयबापासंगती वीटभट्टीवर गेली. आता पावसालाच येतील. दिवालीच्या आधी नाय का यायचा?"

दिवाळीआधी आमच्या अध्यक्षांना वेळ नव्हता. वाडीला तर आम्ही विचारलंच नव्हतं.

तरी बॅनर लावला, म्हातारीच्या हातात दप्तर दिलं आणि फोटो काढला.

दुपारपासून ग्रुपवर टाकलेल्या त्या फोटोवर तुमच्या टाळ्या येताहेत. फोटोत मुलं कुठे आहेत, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही?

भट्टी कुठे आहे, हे मीही विचारलं नाही.