रॉनच्या चार्जरचा आवाज

यतिन उकिडवेला ओळखत नाही असा माणूस सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या त्या गल्लीत सापडणार नाही, आणि त्याला कधी नावं ठेवली नाहीत असाही नाही. वय चोवीस, धंद्याने इलेक्ट्रिशियन. वडील पद्माकर आयटीच्या व्हिसावर पुण्याहून आलेले, म्हणजे मुलाने युनिव्हर्सिटीला जायचं हे त्याला दात येण्याआधीच ठरलं होतं. गेलाही बिचारा दीड वर्ष. मग एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, मला हातांनी काम करायचंय. दॅट्स इट." पद्माकरचा घास हातातच राहिला. आई मंजिरीने पुढचं वर्षभर पुण्याच्या फोनवर "चाललंय छान" एवढ्यावर भागवलं. आता गल्लीत कुणाचे दिवे गेले की पहिला फोन यतिनला येतो, तेव्हा हीच मंजिरी मान ताठ करून सांगते, "देते हं त्याला फोन." आयांचं असंच असतं.

पण यतिनची खरी ओळख ती नाही. त्याची ओळख म्हणजे पिवळीधमक, दोन दारांची, लांब नाकाची, १९७३ सालची व्हॅलियंट चार्जर. इकडे अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. नाव पैलवानाचं, पण यतिनच्या हाती आली तेव्हा पैलवान अंथरुणाला खिळलेला होता.

गाडी मूळ शेजारच्या रॉनची. रॉन रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होता, पहाटे जायचा आणि दुपारी चारला परत यायचा. उकिडवे मंडळी २००८ साली त्या गल्लीत राहायला आली तेव्हा यतिन सहा वर्षांचा होता. मंजिरीकडे नोकरी नव्हती, लायसन्स नव्हतं, ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. नवरा ट्रेनने शहरात, मुलगा शाळेत, आणि दुपारी ती गल्ली अशी ओस की आपल्याच बांगड्यांचा आवाज नकोसा व्हावा. मग कोपऱ्यावरून रॉनची चार्जर वळायची. आधी खोल घरघर, मग एक ठसका, मग पुन्हा घरघर. रॉनने कधीतरी फुटपाथच्या कडेला सायलेन्सर आपटून चेपवला होता, भोक पडलं तिथे स्वतःच पत्र्याचं ठिगळ वेल्ड केलं होतं, आणि तेव्हापासून गाडी ठसकत असे. तशी ठसकणारी गाडी अख्ख्या सिडनीत दुसरी नव्हती. आवाज आला की रॉनची बायको बेव्ह हातातलं काम टाकून पडवीत यायची. आणि कुंपणाच्या अलीकडे मंजिरी म्हणायची, "चला, सरला एकदाचा दिवस." यतिन तेव्हा नुकताच शाळेतून आलेला असे. दप्तर फेकून तो कुंपणाशी धावायचा. त्याच्या लहानपणात आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर होते, सण शनिवार-रविवारी येत होते, पण हा आवाज मात्र रोजचा होता, खरा होता, आणि त्याचा होता.

रॉन गेला तेव्हा यतिन पंधरा वर्षांचा होता. गाडीवर ताडपत्री चढली ती सात वर्षं उतरली नाही. दोन वर्षांपूर्वी बेव्हने यतिनला हाक मारली, किल्ली हातात ठेवली आणि जी किंमत सांगितली ती ऐकून पद्माकरलाही नाही म्हणता येईना. अट एकच. "झाली की एकदा चार वाजता कोपऱ्यावरून घेऊन ये, लव्ह. मला बघायची नाही. डोळे मिटून ऐकायची आहे."

गाडी ढकलत घरी आणली तेव्हा मंजिरी म्हणाली, "घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं." सीटमध्ये उंदरांचं बाळंतघर, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून असा गेलेला की खालची जमीन दिसत होती. पण हौसेला मोल नसतं. दिवसभर लोकांच्या घरी वायरी ओढायच्या आणि संध्याकाळी गराजात गंज खरवडायचा, असं पोराने दोन वर्षं केलं. कुजलेला पत्रा कापून नवा लावला. वेल्डिंग यूट्यूबवरून शिकला, त्यात एक टी-शर्ट आणि अर्धी भुवई गेली. जे बाहेरून दिसतं ते रॉनचं ठेवायचं आणि जे दिसत नाही ते सुधारायचं, असा त्याचा हिशेब. म्हणून रंग तोच पिवळा, इंजिन तेच, पण डिस्क ब्रेक नवे, पाच गिअरचा गिअरबॉक्स नवा, इग्निशन इलेक्ट्रॉनिक. आणि शेवटी, हौसेचा कळस म्हणून, चकचकीत स्टीलचा रुंद सायलेन्सर. जुना चेपका सायलेन्सर आणि त्याचा लांब पाइप त्याने काढून गराजाच्या कोपऱ्यात उभा केला. आवाज ऐकून मित्र म्हणाले, "मेट, दॅट्स अ बीस्ट." यतिन दोन दिवस हवेत होता.

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी चार वाजता तो बीस्ट घेऊन कोपऱ्यावरून वळला. बेव्ह अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. गाडी तिच्या दारात थांबली तेव्हा कुठे तिने चिमटा तोंडातून काढला. "अय्या, तू होय! मला वाटलं कोणीतरी हून आलाय." उंडगेपणाने गाडी उडवणाऱ्यांना इकडे हून म्हणतात. मग बेव्हने गाडीभोवती एक फेरी मारली, पिवळ्या पत्र्यावरून हात फिरवला, "सुंदर झालीय, लव्ह, रॉन खूश झाला असता," म्हणाली, आणि राहिलेले टॉवेल वाळत घालायला गेली. जाता जाता सांगितलं की घर विकलंय. पुढच्या शनिवारी सकाळी ती मुलीकडे क्वीन्सलँडला कायमची चालली आहे.

यतिनला आपली चूक तेव्हा कुठे कळली. इतकी वर्षं हा आवाज कानात घेऊन वाढलेला तो, आणि तोच नेमका काढून कोपऱ्यात उभा केला होता. एवढं करून बाईच्या कानावर काय पडलं, तर एक हून! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तरी अजून आठवडा आहे, जुना सायलेन्सर पुन्हा चढवू, म्हणून तो गराजात गेला. कोपरा स्वच्छ झाडलेला. फरशी पुसलेली. भिंतीशी फराळाचे डबे आणि आकाशकंदिलाचं खोकं.

"आई! इथला पाइप कुठेय?"

"ते गंजकं नळकांडं?" मंजिरी आतून म्हणाली. "काउन्सिलच्या क्लीनअपला बाहेर ठेवलं मी मंगळवारी. लक्ष्मी घरात यायची आणि दारात भंगार?"

आता हे आपल्याच लोकांना सुचणार. काउन्सिलचा ट्रक जुनं सामान न्यायला येतो ती तारीख आणि दिवाळीची साफसफाई एकाच आठवड्यात आली, की मराठी बाईच्या अंगात वारं संचारतं. फुटपाथवर ढीग लागतो, आणि ट्रक येण्याआधी निम्मा ढीग दुसरे मराठी लोक उचलून नेतात.

"विचारायचं तरी होतंस!" यतिन ओरडला.

"विचारलं असतं तर या घरातून एक स्क्रू तरी बाहेर गेला असता का?"

"आई, तो रॉनचा आवाज होता. द साउंड. तो त्या पाइपात होता, गाडीत नाही. बेव्ह शनिवारी चाललीय. आणि मी तिला प्रॉमिस केलं होतं."

मंजिरी बाहेर आली ती चकलीच्या पिठाचे हात तसेच घेऊन. तशीच डब्यांच्या शेजारी खालीच बसली. "अरे देवा," ती म्हणाली, "मी फेकलं? मी?" पहिल्या वर्षी ती रोज दुपारी दार लावून रडत असे, हे तिने मुलाला त्या दिवशी प्रथमच सांगितलं. घड्याळात बघायला भीती वाटायची, वेळ सरकायचाच नाही. तो ठसका ऐकला की डोळे पुसून उठायचं, हा तिचा नेम होता. यतिनला तोवर वाटत होतं की ती आठवण आपल्या एकट्याची आहे. तो तिच्याजवळ बसला आणि त्याचा राग कुठे गेला ते त्यालाच कळलं नाही.

रविवार गेला, सोमवार गेला, दिवाळी झाली, पण कुणाचं लक्ष फराळात नव्हतं. यतिनने भंगारवाल्यांची यार्डं पालथी घातली. तसलाच सायलेन्सर कुठेतरी मिळाला असता, पण तो चेपका, तो ठिगळाचा, तो दुकानात थोडाच मिळतो? मंजिरीने मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाइपचा फोटो टाकला, खाली लिहिलं, "कृपया कुणी उचलला असल्यास सांगा, ओरडणार नाही." बुधवारी जवळच्या गिरावीनहून गुरुदत्तकाकांचा फोन आला. "वहिनी, तुमचा पाइप सुखरूप आहे. आमच्या राजगडात आहे."

गुरुदत्तकाका म्हणजे निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. फुटपाथवरची वस्तू यांनी उचलली नाही असं होत नाही. मंडळाची किल्ल्यांची स्पर्धा, परीक्षक शनिवारी येणार, आणि काकांनी नातवंडांच्या नावाखाली स्वतःच अंगणात राजगड उभा केला होता. यतिन पोचला आणि आ वासून बघतच राहिला. बालेकिल्ल्याच्या पोटात सायलेन्सर, संजीवनी माचीच्या आत लांब पाइप, वर गोणपाट, चिखल आणि त्यावर पेरलेले अळीव हिरवेगार उगवलेले. बुरुजावर मावळे, दरवाजाशी तोफ.

"हलवायचा नाही," काका म्हणाले. "अख्खा आठवडा घातलाय. रविवारी ने."

"काका, ती शनिवारी सकाळी जातेय."

"अरे, किल्ला म्हणजे काय लेगो आहे, काढला-लावला? मागच्या वर्षी त्या पॅरामाटावाल्यांनी पुठ्ठ्याच्या रायगडावर बक्षीस नेलं! या वर्षी मी त्यांना दाखवणार आहे."

यतिनला वाद घालता येत नाही, मराठीत तर नाहीच. त्याने अडखळत, निम्म्या इंग्रजीत, सगळं सांगितलं. रॉन, चार वाजता, आई, टॉवेल, हून. काका ऐकताना किल्ल्याकडेच बघत होते. मग आत जाऊन खुरपं घेऊन आले.

"पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले दिले," ते म्हणाले. "मला एक द्यायला काय होतंय? धर तो मावळा."

त्यांनी स्वतःच्या हाताने बालेकिल्ला फोडला. यतिनला हात लावू दिला नाही. माची खोदताना एकदा नाक ओढलं, आणि अळीवाला झोंबरा वास येतो म्हणाले. अळीवाला कसला आलाय वास! शेवटी पाइप गोणपाटात गुंडाळून गाडीत ठेवला आणि बजावलं, "नीट धू. माझी माती आहे त्यात."

शुक्रवारी यतिनने सुट्टी घेतली. सायलेन्सरमधून बादलीभर चिखल निघाला. बोल्ट जुळेनात, एक तुटला, पद्माकर ऑफिसची मीटिंग सोडून हार्डवेअरच्या दुकानात पळाला. आयुष्यात ज्याने मुलाच्या गराजात पाऊल टाकलं नव्हतं तो माणूस शर्टाच्या बाह्या सरसावून गाडीखाली पाना देत होता. "हा का? नाही? मग कुठला? नीट सांग ना." चारला दहा कमी असताना शेवटचा बोल्ट आवळला.

यतिन मागच्या रस्त्याने गेला आणि कोपऱ्यावर थांबला. चिखलाने ठिगळाची फट बुजली असेल, आवाज बदलला असेल, नाही नाही ते मनात येत होतं. मग त्याने क्लच सोडला आणि वळला.

घरघर. ठसका. घरघर.

मंजिरी कुंपणाशी उभी होती. पदर नव्हता म्हणून तिने कुर्त्यावरची ओढणी तोंडाशी धरली आणि सरळ हुंदके देत रडू लागली. पद्माकरला काही सुचेना, तो तिच्या पाठीवर थोपटत राहिला. आणि पलीकडे पडवीत, बांधलेल्या खोक्यांच्या मधे, बेव्ह आली. डोळे मिटलेले. एक हात कठड्यावर. गाडी तिच्या दारात आली, तरी तिने डोळे उघडले नाहीत. यतिनने इंजिन चालू ठेवलं. किती वेळ ठेवायचं ते त्याला कळेना, म्हणून तो तिच्या चेहऱ्याकडे बघत बसला. ती ओठातल्या ओठात काहीतरी बोलत होती, पण ते त्याच्याशी नव्हतं. मग तिने मान हलवली, तेव्हा त्याने किल्ली फिरवली.

ती पायऱ्या उतरून आली. खिडकीतून त्याच्या चिखलाने माखलेल्या गालावर हात ठेवला. "तोच," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "उद्या विमानतळावर सोडशील मला? याच गाडीतून?"

"ऑफ कोर्स, बेव्ह. नो वरीज."

"पण हा पाइप काढून. तुझा तो नवा लाव."

यतिनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. एवढा जिवाचा आटापिटा, राजगड पाडला, आणि आता काढ?

"एक्केचाळीस वर्षं हा आवाज ऐकला मी," बेव्ह म्हणाली. "प्रत्येक वेळी तो घरी येत होता. कधीही, एकदासुद्धा, मी तो जाताना ऐकला नाही. पहाटे मी झोपलेली असायची. मला तो जाताना ऐकायचा नाही, लव्ह. तो आला, एवढंच माझ्याजवळ राहू दे."

यतिन उतरला, जॅक आणायला गराजात गेला आणि तिथे भिंतीकडे तोंड करून पोटभर रडला. मग बाहीने डोळे पुसले आणि जॅक घेऊन बाहेर आला.