चार टोपणं

गल्लीतले सगळे, अगदी त्याच्याहून वयाने मोठे लोकसुद्धा, त्याला दादा म्हणायचे. टायरचं दुकान दादाचं आणि धाकटा भाऊ हाताखाली. चाक यंत्रावर चढवायचं, गरगर फिरवायचं, जड बाजू कुठली ते बघायचं आणि नेमक्या जागी रिमला शिशाचं वजन चिकटवायचं, यात दादाचा हात धरणारा कुणी नव्हता. पण त्याचा खरा जीव होता तो हवा मोजायच्या पितळी मीटरवर. दुकान उघडलं त्या दिवशी, त्याला हे काम शिकवणाऱ्या उस्तादाने ते त्याच्या हातात ठेवलं होतं, तेव्हापासून ते शर्टाच्या खिशात असायचं. पेट्रोल पंपावरच्या मीटरने वेगळा आकडा दाखवला, तर दादाच्या मते तो पंप खोटा. आसपासचे तिन्ही पंप असे खोटे ठरले, तरी त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. कुसळ-मुसळाची म्हण त्याला पाठ होती. पण ती दुसऱ्यांसाठी असते, अशी त्याची समजूत होती.

धाकट्याला एक खोड होती. हवा भरून झाली की व्हॉल्व्हवर टोपणं लावायचं काम त्याचं, आणि चार टोपणांना तो चांगली पंधरा मिनिटं लावायचा.

"टोपणं लावतोयस की नवरीला दागिने घालतोयस?" दादा गिऱ्हाइकांसमोर विचारायचा. गिऱ्हाइकं हसायची. धाकटाही हसायचा आणि पुढच्या चाकापाशी जाऊन उकिडवा बसायचा.

मग धाकटा न्हाणीघरात घसरून पडला, मनगट मोडलं आणि दीड महिना घरी बसला. त्याच्या तिसऱ्या आठवड्यात घड्याळजी आपली जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आले. तारांच्या चाकांची, बुटकी, दोनच माणसं मावतील अशी गाडी. घड्याळं दुरुस्त करून उरलेला सगळा वेळ ते त्या गाडीला देत आणि गेली सहा वर्षं चाकांचं काम दादाकडेच करून घेत. स्टिअरिंग थरथरतंय म्हणाले. दादाने चारही चाकांचा तोल काढला आणि त्या गाडीला लागते तशी हवा भरली, पुढे वीस, मागे चोवीस. टोपणं स्वतःच लावली. दोन मिनिटांत झालं काम.

चार दिवसांनी घड्याळजी परत आले. थरथर गेली होती, पण गाडी वळणावर उड्या मारत होती. दादाने पुन्हा चाकं यंत्रावर चढवली. यंत्राने शून्य दाखवलं. हवाही बरोबर होती, पुढे वीस, मागे चोवीस.

"गाडीत खोट नाही," दादा म्हणाला. "वय झालं की हात कापतो, घड्याळजी."

घड्याळजी किल्ली उचलून निघून गेले.

तिसऱ्यांदा गाडी आली ती दुसऱ्या गाडीमागे बांधून. घड्याळजींच्या कपाळावर पट्टी होती. उताराच्या वळणावर मागची चाकं घसरली होती, गाडी जागच्या जागी फिरून आल्या वाटेला तोंड करून उभी राहिली होती. शेजारी बायको बसली होती. तिच्या खांद्याचं हाड मोडलं. कठडा हातभर अंतरावर होता.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. "रस्ता ओला असेल," तो कसंबसं म्हणाला.

"कोरडा ठणठणीत होता." घड्याळजींनी खिशातून नवं कोरं मीटर काढलं. "रागावू नका. पण मी मापं दुरुस्त करूनच पोट भरतो. हे बघा."

मागच्या चाकाला त्यांच्या मीटरने तीस दाखवले. दादाच्या पितळी मीटरने त्याच चाकाला चोवीस दाखवले.

दादाला राग आला. बाजारातली कालची वस्तू आणि उस्तादाच्या हातची वस्तू, यांची बरोबरी करायची म्हणजे काय? पण दोघांत वाद असला की तिसरा साक्षीदार लागतो. धाकट्याकडे कसलं तरी लहान मीटर असल्याचं त्याला अंधूक आठवत होतं. खुंटीवर धाकट्याचा कामाचा डगला टांगलेला होता. त्याच्या आतल्या खिशात मीटर सापडलं. त्याने तीस दाखवले.

मीटरबरोबर खिशातून एक मळकं पुठ्ठ्याचं कार्डही आलं. धाकट्याच्या अक्षरात वर लिहिलं होतं, 'दादाचे आकडे'. खाली ओळी होत्या. वीस म्हणजे सव्वीस. चोवीस म्हणजे तीस. तीस म्हणजे छत्तीस. सहा सोडणे.

दादा मटकन टायरच्या चळतीवर बसला. घड्याळजी पाणी घेऊन आले, तेही त्याला कळलं नाही. पंधरा मिनिटं, चार टोपणं. रोज, प्रत्येक गाडीला.

संध्याकाळी तो धाकट्याच्या खोलीत जाऊन उभा राहिला. धाकट्याच्या बायकोला दादा पोरगीच म्हणायचा. ती पुढे आली आणि त्याचा चेहरा बघून चहाचं विचारायचंही विसरली. धाकटा पलंगावर पडला होता, दादाने कार्ड त्याच्या शेजारी ठेवलं.

"कधीपासून?"

"सात वर्षं झाली."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, दादा. पहिल्याच दिवशी. तू म्हणालास, उस्तादाचं मीटर खोटं ठरलं तर दुकानाला कुलूप लावीन, पुन्हा हत्यार हातात धरणार नाही." धाकटा प्लास्टरबाहेर आलेल्या बोटांकडे बघत राहिला. "तू तसं केलंही असतंस. मग तू काय केलं असतंस दिवसभर? म्हणून म्हटलं, टोपणं आहेतच माझ्याकडे."

दादाला हुंदका आवरला नाही. धाकट्याने त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, तो घाबरून उठून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने घड्याळजींना सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. मग दवाखान्यात जाऊन त्यांच्या बायकोला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "हात कापतो असं म्हणाला होतात तुम्ही यांना." एवढंच. 

गाडी अजून दुकानातच होती. धाकटा गळ्यात हात अडकवून आला आणि स्टुलावर बसला. दादाने त्याच्या चांगल्या हातात लहान मीटर दिलं आणि स्वतः नळी धरली. धाकटा आकडा सांगत गेला, दादा हवा सोडत गेला. एकदा सवयीने त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

चारही चाकं झाली. धाकटा नेहमीसारखा टोपणांची डबी घ्यायला वाकला.

"राहू दे," दादा म्हणाला. "मी लावतो."

तो पहिल्या चाकापाशी उकिडवा बसला. चार टोपणं लावायला त्याला बराच वेळ लागला.