बिनबियांचा पेरू

बाजारात मला ओळखणाऱ्या वाचकांचा प्रश्न ठरलेला असतो. नमस्कार होतो न होतो तोच विचारतात, "मग, आला का बिनबियांचा पेरू?"

माझं एकच पुस्तक आहे, आणि ते धाकट्या भावाबद्दल आहे. राहात्याजवळ आमची पेरूची बाग. एक ना एक दिवस बी नसलेला पेरू काढून दाखवीन, असा त्याचा पण होता. कुठून कुठून फांद्या आणून कलमं बांधायचा. फळ पिकलं की घरातल्या सगळ्यांना बांधावर उभं करायचा आणि चाकूने कापायचा. आत बियाच बिया. "कमी झाल्यात पर," म्हणायचा. वाचकांना पुस्तकातलं बाकी काही आठवत नाही, एवढं आठवतं.

पुस्तक आलं आणि पुढच्याच हिवाळ्यात भाऊ गेला. बागेत काम करताना छातीत कळ आली, तेवढंच.

आईला मी नगरला माझ्याकडे आणलं. तिच्या औषधांच्या वेळा लावल्या, दुपारचं भजनी मंडळ शोधलं, संध्याकाळी गच्चीवर चालणं ठरवलं. सगळं वेळेवर व्हायचं. आई मात्र बोलायची नाही. भावाचा विषय निघाला तर उठून आत जायची. वाचकांसाठीही मी एक वाक्य तयार ठेवलं होतं: "भाऊ आता नाही, पण तुम्ही आठवण ठेवलीत, बरं वाटलं." समोरचा फार अवघडत नाही आणि आपल्याला लवकर निघता येतं.

एका रविवारी आईला भाजीबाजारात नेलं. माझी खरेदी क्रमाने चालते. आधी कांदे-बटाटे, पालेभाजी शेवटी. कांद्यांपाशीच एका गृहस्थांनी ओळखलं.

"मॅडम, आमच्या घरात सगळ्यांनी वाचलंय तुमचं पुस्तक. आला का पेरू?"

मी माझं वाक्य सुरू करणार, तोच मागून आई म्हणाली, "यंदा न्हाई आला."

गृहस्थ एकदम खूश. "या आई का? पुस्तकातल्या?"

"व्हय, तीच. पर हिनं लिवलीय तेवढी भांडखोर न्हाई मी."

"मग पुढच्या वर्षी येईल का?"

"बघू की. बिया कमी झाल्यात म्हनतो."

म्हनतो. 'म्हनायचा' नाही. मी पिशवीत कांदे भरत राहिले.

घरी येईपर्यंत आई बोलत होती. कुठलं कलम वाळलं, कुठल्या झाडाचा पेरू आतून लाल निघाला, कापताना त्याने बोट कसं कापून घेतलं. पुढच्या रविवारी ती माझ्याआधी तयार होऊन दाराशी उभी. मग हे दर रविवारचंच झालं. कुणी ओळखलं नाही तर परतताना हिरमुसायची. "आज वाचनारं कुनी आलंच न्हाई बाजारात." मला खरं तर ओळख नकोशी झाली होती. तरी मी मेथीच्या दोन जुड्यांसाठी रेंगाळू लागले. पुस्तकावरच्या फोटोत माझा जाड काळ्या काडीचा जुना चष्मा आहे. तो शोधून काढला आणि बाजारात जाताना घालू लागले. त्यातून नीट दिसत नसे.

त्याच सुमारास दुसरी आवृत्ती निघायची होती. भाऊ गेल्याची चार ओळींची टीप प्रकाशकांनी मागितली. मागणी रास्त होती. मी टीप लिहून ठेवली.

त्या रविवारी एका बाईंनी येऊन माझा हात हातात घेतला. "ताई, तुमच्या भावाचं कळलं हो. फार वाईट झालं."

आई मध्ये आली. "तुमी पुस्तक नीट वाचलं न्हाई, बाई. शेवटाला तो बागंला पानी देतोय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. त्या हात सोडून गर्दीत गेल्या.

रिक्षात आईने भाजीची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "तिला कुनी सांगितलं?"

"गावाकडून कळलं असेल."

"तू लिवनार हायेस का तसं?"

"प्रकाशकांनी मागितलंय, आई. वाचकांना खरं कळायला नको?"

"आन् मला खरं ठाव न्हाई व्हय? त्याच्या तोंडात शेवटचं पानी मीच घातलंय."

रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. आईने पदर पुढे ओढला आणि आवाज खाली आणला.

"माझा गेला. लोकांकडं हाय, तर ऱ्हाऊ दे की गं."

टीप मी पाठवली नाही. आवृत्ती तशीच निघाली.

आई मागच्या उन्हाळ्यात गेली. आता पुन्हा पुस्तक छापायचं आहे आणि प्रकाशकांनी पुन्हा टीप मागितली आहे, या वेळी दोघांची. हरकत घेणारं घरात कुणी उरलेलं नाही. मी त्यांना एवढंच कळवलं की पुस्तकाला हात लावू नका. हे जे लिहिलं आहे ते दुसरीकडे कुठेही छापा, त्या पुस्तकाला जोडू नका.