साडेबारा हजार किलोमीटरचा उपास

हसणार नसाल तर सांगते. हसलात तरी चालेल म्हणा; अख्ख्या कोल्हारचं हसून झालंय!

लग्नाला दोन महिने झाले होते. नणंदबाई नवऱ्याकडे अमेरिकेला निघाल्या. पहिलाच विमानप्रवास. गाडी अंगणातून हलली तशा सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, तू शिकलेली. किती येळ लागंल गं तिला?"

तोवर त्या घरात मी 'हो' आणि 'वाढू का?' यापलीकडे बोललेच नव्हते. हुशारी दाखवायची संधी अशी चालून आलेली! तिकिटाचा फोटो मोबाईलवर होता. मुंबईहून रात्री एकला उडणार, न्यूयॉर्कला सकाळी सातला उतरणार. सातातून एक गेला.

"सहा तास, आई."

"सहाच? मंग तिचं पाय जमिनीला लागंपत्तर मी अन्नाला शिवनार न्हाई. देवीला शब्द हाय माजा."

सासूबाईंना शुगर. खाऊन गोळी घ्यायची. पण सकाळपर्यंतच तर थांबायचं, म्हणून मीही मान डोलावली.

सात वाजले. आठ वाजले. फोन नाही. सासूबाई खात नाहीत म्हटल्यावर अण्णा, म्हणजे सासरे, कसे खाणार? आणि ते खात नाहीत तर मी? घरात चूलच पेटली नाही.

चूल न पेटलेलं घर गावात लपतं का? शेजारच्या मंदाकाकू डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि काही न विचारता सासूबाईंच्या गळ्यात पडल्या. झालं! ओसरी भरली. बायका भिंतीला टेकून बसल्या. मयताच्या घरी नेतात तसं कुणी पिठलं-भाकरीही घेऊन आलं.

अण्णा टीव्हीवरची पळती पट्टी वाचत होते. "इमान पडल्याचं अजून दावलं न्हाई," ते मधूनच म्हणत. तेवढाच दिलासा.

उपाशीपोटी सासूबाईंची शुगर उतरायला लागली होती. मी आत जाऊन दोन विमानतळांमधलं अंतर पाहिलं. साडेबारा हजार किलोमीटर! सहा तासांत? आणि मग डोक्यात उजेड पडला. न्यूयॉर्कचे सात म्हणजे तिथले सात. आपली संध्याकाळ!

ओसरीवर एवढं दुःख जमलेलं. ते आता परत कसं पाठवायचं?

"आई, ताई सुखरूप आहेत," मी म्हटलं. "अजून हवेतच आहेत. सोळा तास लागतात. हिशेब चुकला माझा."

मंदाकाकूंचा पदर डोळ्यांपाशीच थांबला. "मंग आमी रडलो त्ये?"

"आई, आधी खाऊन घ्या," मी हात जोडले.

"शब्द दिलाय देवीला. तुज्या भरवशावर!"

संध्याकाळपर्यंत मी चमच्याचमच्यानं साखरपाणी पाजत बसले. एकही बाई उठली नाही. विमान उतरवूनच जायचं, असा निर्धार.

उन्हं कलली आणि फोन वाजला. "आई, उतरले गं!"

आता ओसरी खरंच रडली. मी ताट वाढलं. सासूबाईंनी पहिला घास उचलला, तोच फोनमधून ताई म्हणाल्या, "आता इथनं दुसरं इमान हाय. तिकडं पोचले की करते फोन."

घास हातातच राहिला. "त्याला किती येळ?"

सगळे डोळे माझ्याकडे. या खेपेला मी दोनदा तपासलं. "पाच तास, आई."

सासूबाईंनी ताट जवळ ओढलं. "पोरगी पुना हवेत, म्हंजे पुना उपास. वाढ अजून दोन भाकरी. तुजं पाच तास म्हंजे मला परवापत्तर पुरलं पायजे!"